बर्ड फ्लूची लस घेतली तर काय त्रास होतो? भाऊ पोल्ट्रीवर कामाला आहे, ग्रुपवर वाचलं की लकवा मारतो

दादा, तुमच्या भावाची काळजी समजते, मी स्वतः बारा वर्षं झाली परभणीकडं शेड चालवतो, आमच्या घरी बी हाच प्रश्न विचारायलेत. आधी एक गोष्ट सांगतो, माणसाला द्यायची बर्ड फ्लूची लस आपल्याकडं दवाखान्यात कुठं मिळत नाही, त्यामुळं कोणी तुमच्या भावाला पैसे घेऊन "ही घ्या बर्ड फ्लूची लस" म्हणायला लागलं तर सरळ नाही म्हणा. पण लस अस्तित्वातच नाही असं नाही. अमेरिकेत 2007 ला पहिली मंजूर झाली, नंतर 2020 ला ऑडेन्झ नावाची आली, तिचे दोन डोस 21 दिवसांच्या अंतरानं घ्यावे लागतात. आणि 2024 ला फिनलंडनं पोल्ट्रीवाले, फर फार्मवरचे मजूर, जनावरांचे डॉक्टर अशा लोकांना द्यायला सुरुवात केली.

आता त्रासाचं. ऑडेन्झच्या चाचणीत 65 वर्षांच्या आतल्या शंभरातल्या साधारण 64 जणांचा दंड दुखला, 25 जणांना थकवा, तितक्याच जणांना डोकेदुखी, काही जणांचं अंग मोडून आलं, थोड्यांना मळमळ. म्हाताऱ्या माणसांत तर दंड दुखणारे अजून कमी, शंभरात 36. म्हणजे कोविडच्या सुईनंतर आपल्या घरात जे झालं होतं तसलंच, दोन-तीन दिवसांत उतरणारं. दंड जास्त दुखायचं कारण म्हणजे या लसीत शरीराला चेतवणारं एक तेलकट मिश्रण घालतात, त्याशिवाय H5N1 वर, म्हणजे बर्ड फ्लूच्या विषाणूवर, आपलं शरीर नीट तयार होत नाही. 2007 च्या लसीत ते नव्हतं, म्हणून तिचा डोस 90 मायक्रोग्रॅम एवढा मोठा ठेवावा लागला होता, साध्या फ्लूच्या लसीत एका जातीच्या विषाणूचे 15 च असतात.

लकव्याची गोष्ट कुठून आली ते सांगतो, कारण ती हवेतून आलेली नाही. 1976 ला अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस साडेचार कोटीच्या आसपास लोकांना दिली, तेव्हा गियाँ-बारे म्हणजे जीबीएस, पायापासून वर ताकद जायचा आजार, लाखात एक जास्त दिसला आणि मोहीमच थांबवली. ती बर्ड फ्लूची लस नव्हती. जीबीएसचे बरेच पेशंट बरे होतात पण महिनोन् महिने लागतात, म्हणून ज्याला आधी जीबीएस होऊन गेलाय त्यानं कोणतीही फ्लूची लस घ्यायच्या आधी डॉक्टरला सांगायलाच पाहिजे. दुसरं उदाहरण 2009 च्या स्वाइन फ्लूचं, पँडेमरिक्स नावाच्या लसीनंतर काही लेकरांना, पोरांना दिवसा एकदम झोप लागायचा नार्कोलेप्सी हा आजार झाला आणि तो सगळ्यात आधी लक्षात आला स्वीडन आणि फिनलंडमधे. आता बघा, ज्या फिनलंडनं ते दडवून न ठेवता मोजलं, जगाला सांगितलं, त्याच देशानं 2024 ला आपल्या मजुरांना बर्ड फ्लूची लस दिली. मला तरी यातून भरवसा वाटतो.

अंड्याची ॲलर्जी असेल तर लस कशात बनवलीय ते विचारायचं, 2007 वाली अंड्यात बनायची, ऑडेन्झ पेशींत बनते. कोणत्याही लसीनंतर अर्धा तास तिथंच बसायचं, तोंड सुजलं, दम लागला, अंगावर पित्त उठलं तर तिथल्या तिथं इंजेक्शन मिळतं.

अजून एक, लय लोक कोंबड्यांची लस आणि माणसाची लस एकच धरायलेत. आपण पिल्लांना पाच-सात दिवसाचं असताना डोळ्यात टाकतो ती लासोटा, ती कोंबड्यांच्या मानमोडी (राणीखेत) रोगाची, तिचा बर्ड फ्लूशी काही संबंध नाही. पण तिचा त्रास माणसाला होतो बरं का! माझ्याच डोळ्यात एकदा शिंतोडा गेला, दोन दिवसांनी डोळा लालभडक, पाणी थांबेना, आठवडाभरानं बरा झाला. तेव्हापासून गॉगल घालतो. भावाला एवढं नक्की सांगा.

2021 च्या जानेवारीत आमच्या जिल्ह्यातल्या मुरुंब्यात आठ-नऊशे कोंबड्या मेल्या, रिपोर्ट बर्ड फ्लूचा आला, आसपासच्या सगळ्या कोंबड्या मारून पुरल्या. 2025 ला उदगीरला कावळे मेले तेव्हा बी तेच निघालं. असं काही झालं की भावानं मेलेली कोंबडी उघड्या हातानं उचलायची नाही, मास्क आणि हातमोजे घालायचे, शेडातली चप्पल-कपडे घरात आणायचे नाहीत, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं, लपवायचं नाही. दरवर्षीची साधी फ्लूची लस घेतली तर चांगलंच, ती बर्ड फ्लूला रोखत नाही पण दोन्ही फ्लू एकदम अंगात शिरायची भीती कमी होते. आणि त्या काळात भावाला ताप-खोकला आला, डोळे लाल झाले तर डॉक्टरला "मी पोल्ट्रीवर काम करतो, कोंबड्या मेल्यात" हे पहिलं वाक्य सांगायचं, कारण फ्लूवरची टॅमीफ्लूची गोळी पहिल्या 48 तासांत सुरू झाली तर जास्त कामाला येते.