साक्षीत ‘लायकी’ म्हणायचं का ‘मोल’?

एका ताईंचा प्रश्न आहे, कोल्हापुरातल्या त्यांच्या चर्चमध्ये तरुणांच्या उपासनेत साक्ष द्यायचीय, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचंय, आणि त्यात ‘सेल्फ वर्थ मला ख्रिस्तात मिळाली’ हे मराठीत म्हणायचंय. ‘लायकी’ लिहिलं तर घरचे हसले, ‘आत्मसन्मान’ लिहिलं तर त्यांनाच ते भाषण वाटायला लागलं.

हसणारच की. आपल्याकडं लायकी ही काढायची गोष्ट, रंकाळ्यावर भेळ खाता खाता पण दोस्त एकमेकांची काढतात. शब्द फारसीतून आलेला, अर्थ सरळ, पण बोलण्यात त्याच्यामागं ‘नाही’ ठरलेलंच.

आत्मसन्मान, स्वाभिमान हे शब्द आपल्या भागात चळवळीनं कमावलेत, शाहू महाराज आणि बाबासाहेबांची १९२० ची अस्पृश्यांची माणगाव परिषद इथलीच, म्हणून त्यात हक्क मागायचा जोर आहे आणि तो असायलाच पाहिजे. पण ताईंना जे सांगायचंय ते मागून घेतलेलं नाही, आयतं पदरात पडलेलं आहे.

त्याला मराठी बायबलमध्ये ‘मोल’ हा झकास शब्द बसलेलाच आहे. मत्तय १० मध्ये दोन चिमण्या दमडीला विकतात, आणि लूक १२:६ मध्ये पाच चिमण्या दोन दमड्यांना. आता हिशोब करा, दोन दमड्यांना खरं तर चारच यायला पाहिजेत, म्हणजे पाचवी फुकट, भाजीवाली मावशी वर टाकते त्या कोथिंबिरीसारखी. आणि येशू सांगतो की त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही, तुमचं मोल तर पुष्कळ चिमण्यांपेक्षा जास्त आहे! मला विचाराल तर अख्ख्या विषयाचा जीव त्या पाचव्या चिमणीत आहे.

‘योग्यता’ पण बायबलमध्ये आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी येते. कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी, येशूला म्हणतो तुम्ही माझ्या छपराखाली यावं अशी माझी योग्यता नाही, आणि येशू त्याच माणसाच्या विश्वासाचं कौतुक करतो. म्हणजे योग्यता नसली तरी मोल असू शकतं, कारण योग्यता आपली आपण मोजतो आणि मोल देणारा ठरवतो. १ करिंथ ६:२० मध्ये पण ‘मोलाने विकत घेतलेले’ असंच आहे. (मार्कमध्ये याच अर्थानं ‘खंडणी’ येते, ती मात्र साक्षीत नको, ऐकणाऱ्याला पेपरातली गुंडगिरी आठवायची.)

तेव्हा ताई, सरळ म्हणा, ‘माझी योग्यता नव्हती, पण देवाच्या लेखी मला मोल आहे.’ ‘सेल्फ’साठी वेगळा शब्द शोधत बसू नका, ‘देवाच्या लेखी’ म्हटल्यावर मोल कुणी ठरवलं ते आलंच. आणि ते मला ‘मिळालं’ असंही नको, ‘कळलं’ म्हणा, म्हणजे आधीपासून होतं हे पण त्यात येतं.