रबराच्या शेडमधलं फॉर्मिक ॲसिड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातल्या रबर बागायतदारांकडून गेल्या काही महिन्यांत जे प्रश्न आले, त्यांतले बरेचसे एकाच कॅनभोवती फिरतात : रबराच्या झाडाचा चीक गोठवण्याचं फॉर्मिक ॲसिड. दिसायला पाण्यासारखं आणि रोज हाताळलं जातं, त्यामुळे त्याची भीती मोडलेली असते. म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : आम्ही ८५ टक्क्यांचं ॲसिड ३५ किलोच्या कॅनमध्ये आणतो. गडी मगाने अंदाजाने बादलीत ओततात. नेमकं माप काय, आणि ओतताना काय घालावं?

चिकासाठी साधारण अर्ध्या टक्क्याचं द्रावण वापरतात. ८५ टक्क्यांच्या एक मिलिलिटर ॲसिडमध्ये सुमारे एक ग्रॅम शुद्ध ॲसिड असतं, म्हणून हिशेब सोपा आहे : दर लिटर पाण्याला ५ मिली, १० लिटरच्या बादलीला ५० मिली. पन्नास मिलीचं प्लॅस्टिकचं मापपात्र मगापेक्षा फार महाग नाही. अंदाजाने जास्त पडलं तर शीट (गोठलेला चीक दाबून केलेला रबराचा पातळ थर) कडक होते, सुकायला वेळ लावते आणि ती दाबणारा रोलर गंजतो. कॅनमधलं ॲसिड थेट ट्रेमध्ये ओतलं तर जिथे पडलं तिथे गुठळी आणि बाकी चीक पातळ, असं होतं. म्हणजे मापाने केलेलं काम मालालाही बरं.

आधी बादलीत पाणी, मग त्यात ॲसिड. सल्फ्युरिकसारखी भडक उष्णता यात निघत नाही हे खरं, पण उलट केलं तर पहिला शिंतोडा ८५ टक्क्यांचा उडतो, आणि तो वर, तोंडाच्या दिशेने उडतो.

बादली प्लॅस्टिकचीच हवी. जस्ताच्या पत्र्याची बादली हे ॲसिड खातं आणि त्यातून हायड्रोजन निघतो. तीव्र ॲसिड ॲल्युमिनियमच्या भांड्यातही काढून ठेवू नये.

अंगावर काय घालायचं : कोपरापर्यंतचे जाड निओप्रीनचे किंवा ब्युटाइल रबराचे हातमोजे, बाजूंनी बंद असलेला गॉगल, प्लॅस्टिकचा एप्रन, गमबूट. पॅन्ट बुटाच्या बाहेर, आत खोचलेली नको, नाहीतर ओघळ सरळ बुटात उतरतो. दवाखान्यातले पातळ हातमोजे इथे चालत नाहीत. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही, उलट ओला झाला की ॲसिड तोंडाशी धरून ठेवतो. काम उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असं करावं. हवेत याचं प्रमाण दिवसभराच्या कामासाठी ५ पीपीएमच्या (दहा लाख भाग हवेत ५ भाग) खाली हवं. नाकाला झोंबतंय म्हणजे जागा बदलायची वेळ झाली.

नळी तोंडाने ओढून ॲसिड काढण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. ती आजच बंद करा. हाताने चालवायचा प्लॅस्टिकचा पंप वापरा. आणि एक बारीक गोष्ट : कॅन आडवा करून ओतल्यावर शेवटचा थेंब तोंडावरून खाली ओघळतो आणि कॅनच्या मुठीखाली साचतो. पुढच्या वेळी कॅन उचलणाऱ्याचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी नेमकी तिथेच टेकते. ओतून झालं की कॅन बाहेरून पाण्याने धुवायचा, रोज.

प्रश्न : एप्रिलमध्ये कॅन फुगला आणि झाकण सैल करताना ‘फुस्स’ झालं. ॲसिड बिघडलं का?

बिघडलेलं नाही. फॉर्मिक ॲसिड हळूहळू कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी यांत मोडतं. ९८-९९ टक्क्यांच्या ॲसिडमध्ये हे जास्त, ८५ टक्क्यांत फार कमी, पण उन्हातल्या कॅनमध्ये वाफेचा दाबही वाढतो. म्हणून सावली, शक्यतो ३० अंशांखालची जागा आणि दाब बाहेर सोडणारं व्हेंटचं झाकण लागतं. ते हरवलं म्हणून साधं घट्ट झाकण लावू नका. कॅन काठोकाठ भरलेला आणि झोपवून ठेवलेला नको.

फुगलेला कॅन आधी सावलीत, बाहेरून पाणी ओतून थंड करायचा. मग गॉगल लावून, तोंड बाजूला वळवून, उघड्यावर झाकण पाव आटा फिरवायचं आणि आवाज थांबेपर्यंत थांबायचं. मात्र कॅन आपोआप तापत असेल, किंवा डोळ्यांदेखत फुगत असेल, तर हात लावू नका. आत दुसरं काहीतरी मिसळलं गेलं आहे. माणसं लांब न्या आणि अग्निशमन दलाला कळवा.

प्रश्न : सल्फ्युरिक स्वस्त पडतं. उरलेल्या फॉर्मिकमध्ये घालून दोन्ही संपवावं का?

नाही, कोणत्याही प्रमाणात नाही. तीव्र सल्फ्युरिक ॲसिड फॉर्मिकमधलं पाणी ओढून घेतं आणि मागे कार्बन मोनॉक्साइड निघतो. या वायूला वास नाही, रंग नाही. तो झोंबत नाही, म्हणून माणूस खोलीबाहेर पळत नाही. डोकं जड होतं, पाय लटपटतात आणि मग उशीर झालेला असतो. बहुतेकदा मुद्दाम कोणी मिसळत नाही. सल्फ्युरिकच्या रिकाम्या कॅनमध्ये, तळाशी थोडं शिल्लक असताना, फॉर्मिक भरलं जातं. म्हणून प्रत्येक ॲसिडचा कॅन वेगळा, मापपात्र वेगळं, आणि नाव मराठीत मोठ्या अक्षरांत रंगवलेलं. ॲसिडच्या खोलीत कोणी कोसळलेलं दिसलं तर धावत आत जाऊ नका. दारं-खिडक्या बाहेरून उघडता आल्या तर उघडा, १०८ला फोन करा. श्वसनयंत्र लावलेली माणसंच आत जाऊ देत.

तसंही एकट्या सल्फ्युरिकने केलेल्या शीटचा दर्जा घसरतो, म्हणजे वाचलेले पैसे दरात जातात.

प्रश्न : अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर पहिलं काय करायचं? आमच्याकडे चुना लावतात.

पाणी, आणि फक्त पाणी. चुना, खायचा सोडा, हळद, खोबरेल, टूथपेस्ट यांतलं काहीही कातडीवर नको. चुन्याची ॲसिडशी गाठ पडली की उष्णता निघते आणि भाजलेल्या जागी ती आणखी भाजते. शिवाय ते लावण्यात जी दोन मिनिटं जातात, तीच सगळ्यात मोलाची असतात.

वाहत्या पाण्याखाली उभं राहायचं आणि पाणी सुरू असतानाच कपडे, बूट, पट्टा, घड्याळ, अंगठी काढायची. बनियन डोक्यावरून ओढू नका, कात्रीने कापा, नाहीतर ॲसिड चेहऱ्यावर येतं. निदान २० मिनिटं, जमल्यास अर्धा तास धुवा. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून, नाकाच्या बाजूकडून कानाकडे पाणी सोडत तेवढाच वेळ. चांगला डोळा वरच्या बाजूला राहील अशी मान कलती करायची. कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघाली तर काढा. गुलाबपाणी, दूध, मध नको.

आता पाण्याचा हिशेब. मिनिटाला १० लिटर देणारा नळ धरला तर २० मिनिटांना २०० लिटर लागतात. म्हणजे एक पूर्ण बॅरल. शेडमध्ये पंप बंद असताना, वीज नसताना हे पाणी कुठून येणार? ॲसिड ओतायच्या जागेपासून दहा पावलांवर, खाली तोटी आणि आखूड नळी लावलेलं एक बॅरल कायम भरून ठेवा. गॉगलच्याही आधी ही व्यवस्था करा. शीट धुवायच्या टाकीतलं पाणी त्यासाठी नको, त्यात आधीच ॲसिड असतं.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. हे ॲसिड कातडीतून रक्तात शिरतं. तिथे ते पेशींचा प्राणवायू वापरण्याचा मार्ग अडवतं आणि रक्ताची आम्लता वाढवतं. मिथेनॉलची विषारी दारू डोळे घालवते ती शरीरात तयार होणाऱ्या याच फॉर्मिक ॲसिडमुळे. त्यामुळे पाठीवर किंवा मांडीवर तळहाताहून मोठी जागा भाजली असेल, तर दुखणं थांबलं म्हणून घरी थांबू नका. रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना ‘ॲसिड’ एवढंच न सांगता ‘फॉर्मिक, ८५ टक्के’ असं सांगा. कॅनवरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला असावा. लहान मुलांच्या बाबतीत छोटी जखमही दाखवावी. वाफ छातीत गेली असेल तर माणसाला मोकळ्या हवेत बसतं ठेवा. खोकला, धाप काही तासांनी वाढू शकते, म्हणून त्यालाही तपासून घ्या.

प्रश्न : कोणी चुकून प्यायलं तर उलटी करवावी का?

नाही. वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं आणि फुप्फुसात उतरू शकतं. चूळ भरायला लावा आणि थेट रुग्णालय गाठा. मिठाचं पाणी, लिंबू, सोडा, चुन्याची निवळी देऊ नका. सोड्याने पोटात वायू होऊन आधीच भाजलेल्या जठरावर ताण येतो. एक घोट गेला तरी हे जिवावरचं आहे. असे अपघात पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवलेल्या ‘उद्यापुरत्या’ ॲसिडमुळे होतात. बाटलीत ॲसिड भरायचं नाही, कितीही थोडं असलं तरी. कॅनच्या खोलीला कुलूप हवं.

प्रश्न : कॅन लवंडला. भुसा टाकावा का?

भुसा नको. तो पेट घेण्याजोगा आहे, आणि ॲसिड शोषून तसाच राहतो. वाऱ्याच्या वरच्या बाजूला या, बिडी-चूल विझवा, हातमोजे-गॉगल-बूट चढवा. सांडलेल्याच्या कडेने कोरड्या वाळूचा किंवा मातीचा बांध घाला, म्हणजे ते गटारात किंवा व्हाळात जाणार नाही. मग कडेकडून आत धुण्याचा सोडा थोडा थोडा टाका. एक लिटर ॲसिडला साधारण सव्वा किलो लागतो. खायचा सोडा असेल तर दोन किलो, विझवलेला चुना असेल तर एक किलो पुरतो. कळीचा चुना मात्र कधीच नको, तो भयंकर तापतो. सोड्याने जोराचा फेस येतो. एक लिटरमागे अडीचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून बंद खोलीत दारं उघडून, दमादमाने. फेस थांबला आणि पीएच पट्टी (आम्लता दाखवणारा कागद) ६ ते ८ दाखवू लागली की प्लॅस्टिकच्या फावड्याने भरून घ्या आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. पूर्ण कॅनच रिकामा झाला असेल तर बांध घालून लांब व्हा आणि मदत बोलवा.

प्रश्न : हे पेटतं असं वाचलं. पाणी मिसळलेलं ॲसिड कसं पेटेल?

९० टक्क्यांच्या ॲसिडची वाफ साधारण ५० अंशांना पेट घेण्याजोगी होते, ८५ टक्क्यांची त्याहून थोड्या वरच्या तापमानाला. अर्ध्या टक्क्याचं द्रावण पेटत नाही. स्मोकहाऊसमधली (शीट धुरावर सुकवण्याच्या खोलीतली) हवा ४० ते ६० अंशांत असते आणि शेजारी भट्टी असते, आणि बऱ्याच शेडमध्ये कॅन कोरडी जागा म्हणून नेमका त्याच भिंतीला टेकवलेला असतो. तो तिथून हलवा. ही वाफ हवेपेक्षा दीडपटीहून जड असते, जमिनीलगत भट्टीच्या तोंडाकडे सरकते. आग लागलीच तर कोरड्या पावडरचं उपकरण किंवा पाण्याचा फवारा वापरा, जोराची सरळ धार नको. बाकीचे कॅन लांबून पाणी मारून थंड ठेवा.

प्रश्न : मग व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड जास्त सुरक्षित नाही का?

व्हिनेगर सुरक्षित, कॅनमधलं शुद्ध ॲसेटिक नाही. त्याची वाफ ४० अंशांच्या आसपासच पेट घेते, म्हणजे फॉर्मिकच्याही आधी, आणि कातडी तेही जाळतं. १६.६ अंशांखाली ते गोठतं. थंडीच्या पहाटे गोठलेला कॅन चुलीजवळ नेऊ नका, कोमट पाण्यात उभा ठेवा.

प्रश्न : रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून ठेवलं तर?

पिण्याचं, गुरांचं किंवा वापराचं कोणतंच पाणी नको, डिझेलही नको. तीन वेळा धुवा, त्या पाण्यातली आम्लता सोडा टाकून घालवा, लेबल फाडा, तळाला भोक पाडा आणि मगच भंगारात द्या.