आज कुठला ढग?

प्रश्न : ताई, नमस्कार. मागच्या वर्षी खासगी वैमानिकाचं लायसन्स मिळालं. बायको-मुलीला घेऊन गोल्डन गेट पुलावरून दोनदा फिरून आलो. आता तेच आकाश, त्याच चकरा, वर खर्च. चार महिन्यांत विमानाला हात लावलेला नाही. बुकिंग करतो आणि जरा ढग दिसले की रद्द करतो. शेवटच्या वेळी वॉटसनव्हिलच्या विमानतळावर उतरताना आडव्या वाऱ्यात विमान दोनदा उसळलं होतं, पण ते असो. कंटाळा कसा घालवू? – एक वाचक, सॅन होजे

उत्तर : ‘ते असो’ म्हणालात, पण मला खरं पत्र तेवढंच वाटलं. बाकीच्या ओळी कंटाळ्यावर आहेत आणि कंटाळलेला माणूस बुकिंग करत नाही. तुम्ही करता आणि मोडता. ही भीती आहे.

माझंही असंच झालं होतं. लायसन्स हातात आल्यावर पाच महिने मी नुसती ‘हवामान बघत’ होते. तेही सॅन होजेच्या उन्हाळ्यात! शेवटी एकदा नवऱ्याने खिडकीतून निरभ्र आकाश बघत विचारलं, “आज कुठला ढग?”

गेल्या नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झालेली नाहीत, त्यामुळे तूर्त तुम्हाला कुणाला प्रवासी म्हणून नेता येणार नाही. बरंच झालं. घरच्यांना घरी ठेवा, इन्स्ट्रक्टरला फोन करा आणि मुद्दाम वाऱ्याचा दिवस मागून घ्या. घाबरलं की आपण फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, वेग जास्त ठेवतो. तुमचं छोटं विमान सेसना १७२ असेल तर साधारण ६५ नॉट पुरतात. तुम्ही बहुधा पंचाहत्तरने आला असाल. मग विमान टेकायलाच तयार होत नाही, आपण ते बळेच टेकवतो आणि ते उसळतं. उसळल्यावर नाक खाली दाबायचं नाही. सरळ पूर्ण पॉवर द्या आणि गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाऊन नव्याने या. त्यात कमीपणा काही नाही.

खर्चाचं म्हणाल, तर दुसरा पायलट गाठा. जाताना तुम्ही चालवा, येताना तो, पैसे निम्मे.

आणि नुसत्या चकरा मारू नका, काहीतरी आणायला जा. मी खेकडे आणायला जाते. आपल्या सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून समुद्रकिनाऱ्यावरच्या हाफ मून बेला साधारण अर्धा तास लागतो आणि धावपट्टीपासून बंदर चालत गाठता येतं. हंगामात बोटीवरच जिवंत खेकडे मिळतात. पहिल्या खेपेला परतताना मागच्या सीटवर पिशवीत खडखड सुरू झाली आणि टॉवरशी बोलताना मला हसू आवरेना. त्या दिवशी वारा आडवाच होता म्हणे. मला तो घरी रस्सा ढवळताना आठवला.

किनाऱ्यावर सकाळी धुकं असतं, ते हटल्याशिवाय निघू नका. ते कारण मात्र खरं. झाकणाची पेटी न्या, पिशवी नको. आणि रोख पैसे जवळ असू द्या, बोटीवर कार्ड चालेलच असं नाही.