मी हितंच हुबी हाय

प्रिय मुली,

तुझा निरोप मिळाला. सोमवारपासून तू मनोरुग्णालयाच्या वॉर्डात बायकांना आधार द्यायला जाणार, ओळखपत्रही हातात आलं, हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! मानसिक आजारातून सावरणाऱ्यांच्या आपल्या गटात पहिल्यांदा आलीस तेव्हा आईच्या पाठीमागे खुर्ची सरकवून बसली होतीस. तुझं नावसुद्धा आईनंच सांगितलं होतं. आता तू दुसऱ्या कुणाच्या शेजारी जाऊन बसणार आहेस. 'ताई, मी तिथे नेमकं करायचं काय?' असं विचारलंस. फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी चष्म्याची गोष्ट सांगते. १९९६ साली मला दाखल केलं त्या रात्री अंगावरचं सगळं काढून घेतलं. मंगळसूत्र, घड्याळ, केसांच्या पिना आणि चष्मा. काचेनं इजा करून घेईन म्हणून. माझा नंबर उणे साडेसहा. चष्म्याशिवाय समोरच्या माणसाचा चेहरा मला नुसता गव्हाळ डाग दिसतो. राउंडला डॉक्टर यायचे, 'काय, कसं वाटतंय?' विचारायचे आणि मी त्यांच्या खांद्याकडे बघत राहायची. केसपेपरवर लिहिलं गेलं की पेशंट नजरेला नजर देत नाही, वाचनात लक्ष नाही. असे सतरा दिवस गेले. मीही कुणाला काही बोलले नाही, कारण तिथे काहीही मागितलं की तेही आजारातच धरतात, हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं.

अठराव्या दिवशी जेवताना मी ताटात बोटानं चाचपत मिरची बाजूला काढत होते. शेजारच्या खाटेवरची बाई बघत होती. साताऱ्याकडची, माझ्यापेक्षा पंधरा-एक वर्षांनी मोठी. म्हणाली, 'तुला दिसंना व्हय गं?' ताटं उचलल्यावर तिनं माझा हात धरला आणि सरळ सिस्टरांच्या टेबलापाशी नेलं. मला वाटलं, आता ही बोलेल. ती बोलेचना. माझ्या कानाशी म्हणाली, 'मी हितंच हुबी हाय. तूच सांग.'

मी तीनदा अडखळले. सिस्टरांनी कपाट उघडलं, कागदाची पुडी काढली. चष्म्याची एक दांडी वाकली होती. तो चढवला आणि त्या बाईचा चेहरा मी पहिल्यांदा बघितला. हनुवटीवर गोंदण होतं. पुढे आयुष्यात मला चांगले डॉक्टर भेटले, योग्य गोळी सापडली, पण माझं बरं होणं मी त्या टेबलापासून मोजते.

पीअर सपोर्टचं, म्हणजे आजार अनुभवलेल्यानं दुसऱ्या आजारी माणसाला आधार देण्याचं, तुमचं प्रशिक्षण झालंय. आपल्याकडे आजारी माणसाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर हे गोड शब्द रुजलेत, तेही तुला ठाऊक आहेत. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं. दारू सुटलेली माणसंच तिथे पुढे कार्यकर्ते होऊन नव्या माणसाचा हात धरतात, हे आपण किती वर्षं पाहतोय. आजारातून गेलेल्याचं बोलणं वेगळं पोहोचतं, याबद्दल आता कुणाला पटवावं लागू नये. मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे. तू जिच्या शेजारी बसशील, तिच्या वतीनं बोलण्याचा तुला फार मोह होईल. तू शिकलेली आहेस, कायदा वाचलेला आहेस, बोलायला चटपटीत आहेस. तिला एक वाक्य जुळवायला पाच मिनिटं लागतील आणि तोवर साहेब घड्याळाकडे बघतील. त्या पाच मिनिटांत तू गप्प राहायचंस. याइतकं अवघड काम दुसरं नाही.

मी ते चुकले आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीच्या डिस्चार्जसाठी मी जिवाचं रान केलं. ती बरी होती, खरंच बरी होती. भावाला पत्रं लिहिली, डॉक्टरांकडे खेटे घातले, शेवटी तिला घरी पाठवलं. जाताना ती रडली, मला वाटलं आनंदानं. तीन महिन्यांत परत दाखल झाली. अंगावर वळ होते. मला म्हणाली, 'ताई, तुम्ही मला विचारलंच नाही.' तिला बाहेर पडायचं होतं, पण त्या घरात जायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट, आणि मी विचारली नव्हती. ते वाक्य अजून माझ्याबरोबर झोपतं, उठतं.

म्हणून पहिल्या दिवशी फाईल वाचू नकोस. आधी तिच्याशी बोल. चहा घेतेस का, खाट बदलून हवी का, रात्री दिवा डोळ्यांवर येतो का, असं विचार. मोठ्या हक्काचा प्रश्न बहुतेक वेळा असल्याच बारीक गोष्टीत दडलेला असतो. माझ्या वेळी उवांच्या नावाखाली बायकांचे केस सरसकट कापायचे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याच्या कलम २० प्रमाणे सक्तीनं केस भादरता येत नाहीत. इच्छा असेल तर स्वतःचे कपडे घालू द्यावे लागतात. जबरदस्तीनं काम करून घेता येत नाही, आणि केलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नकळत हात डोक्यावर गेला होता.

कायदा तोंडपाठ कर, पण वॉर्डात तो कुणावर उगारू नकोस. एका शिफ्टला दोन सिस्टर आणि पन्नास खाटा असतील, तर त्याही माणसंच आहेत. आधी नीट विचारायचं. नाही झालं तर लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. तरी नाही झालं तर याच कायद्याखाली तक्रारी ऐकणारं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ आहे. अर्जाला एक पैसा फी नाही. अर्ज ती स्वतः करू शकते, तिचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे तिच्या वतीनं निर्णयात मदत करायला नेमलेला माणूस, करू शकतो, तिची संमती असेल तर नोंदणीकृत संस्थाही करू शकते. प्रतिनिधीच्या अर्जावरून कलम ८९ खाली केलेल्या भरतीला आव्हान दिलं असेल तर मंडळानं सात दिवसांत निकाल द्यायचा असतो. आणि एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या मंडळात जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या अध्यक्षांबरोबर दोन जागा अशा आहेत, जिथे आजार अनुभवलेली माणसं, त्यांचे शुभंकर किंवा त्यांच्या संस्थांचे प्रतिनिधी बसतात. तू एक दिवस त्या खुर्चीत बसावंस असं मला मनापासून वाटतं.

नामनिर्देशित प्रतिनिधी नातेवाईकच असायला हवा असं नाही, हे प्रत्येकीला सांग. पुढे कधी आपलं भान सुटलं तर उपचार कसे करावेत आणि कसे करू नयेत, हे आधीच लिहून ठेवता येतं, हेही सांग. कलम ५. मी माझं लिहिलंय. त्यात एक ओळ चष्म्याची आहे.

येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, कुठल्याही प्रादेशिक मनोरुग्णालयात गेलीस तरी तुला वर्षानुवर्षं राहिलेल्या बायका भेटतील. आजार केव्हाच आवरलाय, पण न्यायला कुणी येत नाही. घरचे घेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणानं कुणाला आत ठेवता येणार नाही, असं कलम १९ म्हणतं. बाहेर राहण्याची सोय करणं सरकारचं काम आहे. इथे तुझा संताप होईल, होऊ दे. फक्त तो तिच्या घरच्यांवर सगळा काढू नकोस. वीस वर्षं रात्री जागलेली आई जेव्हा 'आता नको' म्हणते, तेव्हा तिच्याही शेजारी कुणीतरी बसायला हवं असतं. मात्र जमिनीच्या हिश्श्यासाठी बहिणीला आत ठेवणारा भाऊही भेटेल. दोघांना एकाच मापानं मोजू नकोस.

गोळ्यांबद्दल. तुला कुठली गोळी लागू पडली ते सांगू नकोस आणि 'मी तर बंद केली' असं चुकूनही म्हणू नकोस. पण हात थरथरतात, लाळ गळते, सहा महिन्यांत दहा किलो वजन वाढलं, पाळी बंद झाली, हे तिला डॉक्टरांपर्यंत न्यायला मदत कर. ओपीडीत नंबर लागतो आणि तीन-चार मिनिटांत बाहेर यावं लागतं. आदल्या दिवशी तिच्याच अक्षरात, तिच्याच शब्दांत एका कागदावर तीन ओळी लिहायच्या. लिहिता येत नसेल तर ती सांगेल तसं तू लिही, तुझी भाषा घालू नकोस. 'पोटात कावळा बसलाय' म्हणाली तर कावळाच लिही.

कुणी तुला जीव द्यायचं बोललं तर 'कुणाला सांगू नका ताई' या वचनात अडकायचं नाही. तिला तोंडावर सांग की हे मी एकटी ठेवू शकत नाही, चल, आपण दोघी जाऊ. तिला एकटं सोडू नकोस आणि लगेच सिस्टर किंवा डॉक्टर गाठ. घरी गेलेल्यांच्या फोनमध्ये १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर घालून दे. तो रात्रीबेरात्रीही लागतो.

आणि तुझं स्वतःचं. वॉर्डातला वास, ते दार लागल्याचा आवाज, याचा पहिल्या आठवड्यात त्रास होईल. झोप दोन रात्री सलग उडाली की मला फोन कर, तिसऱ्या रात्रीची वाट बघू नकोस. स्वतःची गोष्ट सांगताना जेवढी तिला उपयोगी, तेवढीच सांग. आणि मानधनाचं बोलून घे. अनुभव आहे म्हणून फुकट राबायचं, हे मला मुळीच मान्य नाही.

गुरुवारी गटाला येशील तेव्हा दोन-तीन कोऱ्या वह्या आणि साधी बॉलपेनं घेऊन ये, वॉर्डात त्यांची नेहमी टंचाई असते. तुझ्या वॉर्डात खिडकीकडच्या रांगेत एक आजी आहेत, त्यांना भावाला पत्र लिहायचंय. माझ्याकडून दोनदा राहिलं. सोमवारी आधी त्यांच्याकडे जा, आणि काय लिहायचं ते त्यांनाच विचार.

तुझी,
ताई