१९७० ची शेव्हरले सी-१०: आधी गिअरबॉक्स बदला, इंजिनाचं नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेक्सासमध्ये १९७० ची सी-१० पिकअप घेतलीय. सरळ सहा सिलिंडरचं २५० क्युबिक इंचाचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचे तीन गिअर, मागच्या एक्सलचा रेशो ३.७३ (म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ३.७३ फेरे). हायवेला ६५ मैलांवर गाडी ओरडते. १०,००० डॉलरात ५.३ लिटरचं एलएस (जनरल मोटर्सचं अलीकडचं, कॉम्प्युटरवर चालणारं व्ही-८) बसवावं की जुनं ३५० क्युबिक इंचाचं व्ही-८, आणि त्यामागे गिअरबॉक्स कोणता?

माझ्याकडे ओहायोत १९६९ ची सी-१० आहे, अकरा वर्षं झाली. हेच इंजिन आणि हेच तीन गिअर घेऊन ती माझ्या दारात आली. मीसुद्धा पहिलं वर्षभर फक्त इंजिनांच्याच जाहिराती बघत होतो. ती चूक तुम्ही करू नये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक हिशेब करा. मैलांतला वेग गुणिले एक्सलचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची इंचांतली उंची, म्हणजे तुमच्या टॉप गिअरमधले आरपीएम, इंजिनाचे मिनिटाला फेरे. २८ इंची टायर धरला तर ६५ मैलांना साधारण २,९०० येतात. आता समजा तुम्ही ३५० चं व्ही-८ आणलं आणि त्यामागे टर्बो ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावला. (नावातला ३५० सारखा असल्यामुळे बरेच जण ही जोडी ठरलेलीच समजतात.) त्याचा शेवटचा गिअर १.०० (इंजिनाचा एक फेरा, शाफ्टचाही एकच), तुमच्या आत्ताच्या तिसऱ्या गिअरइतकाच. म्हणजे हजारो डॉलर घालून इंजिन पुन्हा २,९०० वरच फिरणार. चढाला दम मिळेल, पण ज्या आवाजासाठी हा सगळा खटाटोप, तो जागच्या जागी राहील.

तुम्हाला हवाय ओव्हरड्राइव्ह, म्हणजे १.०० पेक्षा कमी रेशोचा गिअर, ज्यात इंजिन शाफ्टपेक्षा हळू फिरतं. शेव्हरलेचा ७००-आर-४ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक १९८२ पासून आला. त्याचा पहिला ३.०६, दुसरा १.६३, तिसरा १.००, चौथा ०.७०. तोच ६५ मैलांचा वेग, तोच ३.७३ चा एक्सल, आणि इंजिन जेमतेम २,०४० वर. तुमच्या २५० चा सगळ्यात जास्त टॉर्क कंपनीने १,६०० आरपीएमला दिलेला आहे. म्हणजे हे इंजिन खालच्या फेऱ्यांवर खूश असतं, आपण त्याला तिसऱ्यात दामटत असतो. लांबलचक चढ आला किंवा मागे माल असला तर गाडी तिसऱ्यावर उतरेल, ते धरून चाला.

आणि यातली मला सगळ्यात आवडती गोष्ट: या सहा सिलिंडरच्या मागची बेलहाउसिंगची (इंजिनाला गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाची) भोकं आणि जुन्या छोट्या व्ही-८ ची भोकं एकाच मापाची आहेत. २५० च्या मागे आज बसवलेला ७००-आर-४ उद्या ३५० च्या मागेही बसतो. त्यामुळे इंजिनाचा निर्णय दोन वर्षं पुढे ढकलला तरी गिअरबॉक्सचा एक डॉलरही वाया जात नाही. १९८७ नंतरचा बघा. १९८२ ते ८४ चे नाजूक निघतात, स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. प्रोपेलर शाफ्ट मापून नव्याने करून घ्यावा लागेल, गिअरबॉक्स पेलणारा खालचा आडवा क्रॉसमेंबर बदलेल, ऑइल कूलर लागेल, लॉक-अपची (टॉर्क कन्व्हर्टर घट्ट जोडणाऱ्या क्लचची) एक वायर ओढावी लागेल.

क्लच पॅडलचा मोह सुटत नसेल तर पाच गिअरचा मॅन्युअल एनव्ही-३५०० आहे, पाचवा ०.७३. त्याला हायड्रॉलिक क्लच लागतो, तुमच्याकडे लिव्हर-दांड्यांचा आहे, तेवढं काम वाढतं. दांड्यावरचे तीन गिअर मात्र ठेवू नका. माझ्या गाडीत भर पावसात सिग्नलला पहिला आणि दुसरा एकत्र अडकले. बॉनेट उघडून, स्टिअरिंग कॉलमच्या बुडाशी हात घालून, एक दांडी वर आणि एक खाली ढकलली तेव्हा गाडी सुटली. मागे शाळेची बस उभी होती. बुशिंग झिजली की हे होतंच.

एलएसबद्दल. ५.३ उत्तम इंजिन आहे, लोखंडी ब्लॉक, मार खाणारं. पण ते एकटं येत नाही. पेट्रोल जवळपास ५८ पीएसआय दाबाने लागतं, आणि तुमच्या गाडीची टाकी कॅबमध्ये, सीटच्या पाठीमागे आहे! उन्हाळ्यात काच बंद करून बसलात की वास येतो तो तिचाच. त्या टाकीतून जास्त दाबाची लाइन काढून कॅबमधून फिरवणं मला पटत नाही, टाकी मागे बेडखाली न्यावी. मग पंप, वायरिंग हार्नेस, कॉम्प्युटर, त्यातलं चोरीरोधक लॉक काढणं, इंजिन माउंट, सायलेन्सरचे पाइप, रेडिएटर. १०,००० मध्ये स्वतःच्या हाताने, जुन्या सामानावर होईल. गॅरेजला दिलीत तर मला कठीण वाटतं. घ्यायचंच असेल तर अपघातातल्या एकाच पिकअपमधून इंजिन, त्याचा ४एल६०ई गिअरबॉक्स, हार्नेस आणि कॉम्प्युटर असं सगळं एकत्र घ्या. सुटं सुटं जमवायला गेलात तर वर्ष जातं.

कागदपत्रांची काळजी तुम्हाला फारशी नाही. टेक्सासमध्ये धूर-तपासणी २४ वर्षांपर्यंतच्याच गाड्यांना आहे. (महाराष्ट्रातून कुणी वाचत असेल तर त्याने हे मनावर घेऊ नये. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही.)

ब्रेकचा तुम्ही उल्लेखच केला नाहीत. १९७० च्या सी-१० ला पुढेही ड्रम आहेत, डिस्क १९७१ पासून आले. आहे त्या ड्रमवर ३०० हॉर्सपॉवर घालायची गोष्ट माझ्यासमोर कुणी काढली तर मी हात जोडतो. १९७१-७२ च्या गाडीचं पुढचं सामान तुमच्या गाडीला बसतं. चाकाचे सहा बोल्ट जाऊन पाच होतील, मागची चाकं जुळवून घ्यावी लागतील. पैसे पहिल्यांदा इथे घाला, मग गिअरबॉक्स. मग सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून बघा. आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर त्या इंजिनाला कशाला काढता?

शेवटचं, आणि कृपा करून हे टाळू नका. ७००-आर-४ ला कार्बोरेटरपासून एक केबल येते, टीव्ही केबल म्हणतात. तुम्ही रेस किती दिलीत त्यानुसार गिअरबॉक्सच्या आत तेलाचा दाब वाढवायचं काम तिचं. ती ढिली राहिली तर क्लच घसरून जळतात आणि चांगला गिअरबॉक्स काही मैलांत संपतो. बाजारातले तयार ब्रॅकेट व्ही-८ च्या कार्बोरेटरसाठी असतात. तुमच्या सिंगल बॅरल (एकाच नळीच्या) कार्बोरेटरला ते बसत नाहीत. मी पट्टी कापून ब्रॅकेट स्वतः केलं, आणि केबल कार्बोरेटरच्या आर्मवर कुठे अडकवायची ते शोधायलाच दोन संध्याकाळी गेल्या. पॅडल पूर्ण दाबल्यावर केबल पूर्ण ताणली गेली पाहिजे, आधीही नाही आणि नंतरही नाही. दाबाचा गेज लावून खात्री केल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही.