शाळा-वसतिगृहात पेस्ट कंट्रोलचं रेकॉर्ड म्हणजे नेमकं काय ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की वसतिगृहात दर महिन्याला पेस्ट कंट्रोलवाला फवारून जातो, सगळी बिलं फाईलला आहेत, तरी तपासणीत "रेकॉर्ड नाही" असा शेरा आला. मी सोलापुरातच एका वसतिगृहाचं स्टोअर आणि मेस बघतो म्हणून सांगतो, शेरा बरोबर आहे. बिलावरून पैसे दिले एवढंच कळतं, झुरळं कुठून येतात ते कळत नाही.

आधी एक साधी वही मेसच्या दाराजवळ पेन बांधून लटकवा. तारीख, वेळ, काय दिसलं, किती, नेमकं कुठं. "मेसमध्ये झुरळं" असं लिहून उपयोग नाही, "भाकरीच्या शेगडीमागं, पाईप भिंतीत जातो तिथं" असं पाहिजे. पहाटे लाईट लावणाऱ्या मावशींना सगळ्यात जास्त दिसतं, त्यांना लिहायचा कंटाळा असेल तर त्यांनी सांगायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं, पण त्यांना विचारायचंच. उंदराच्या लेंड्या, कुरतडलेलं ज्वारीचं पोतं, हे पण त्यातच.

मग इमारतीचा हातानं नकाशा काढा, जागोजागी ठेवलेल्या चिकट ट्रॅपला नंबर द्या आणि आठवड्याच्या ठरलेल्या वारी त्यात किती अडकले ते मोजा. काही नसेल तर शून्य लिहा, रकाना मोकळा सोडू नका, कारण नंतर मोकळा रकाना बघून कुणालाच कळत नाही की काही सापडलं नव्हतं का कुणी बघितलंच नव्हतं. थोड्या आठवड्यांत एकदोन नंबर आपोआप वर येतात. आमच्याकडं भांडी घासायच्या मोरीजवळचाच ट्रॅप कायम भरायचा, तिथली तुटलेली जाळी बदलली, फटीत झुरळं मारायचं जेल लावलं, आणि आकडा उतरला. स्वयंपाकघरात जी बारकी तांबूस झुरळं असतात त्यांच्या अंड्यांच्या एका डबीत तीस-चाळीस अंडी असतात आणि फवारा डबीच्या आत जात नाही, त्यामुळं दुसऱ्या दिवशी मोजून "झालं" म्हणायचं नाही, पुढचा महिना-दीड महिना मोजत राहायचं.

औषधाची नोंद वेगळी, आणि इथं अजिबात ढिलाई नको. नुसतं ब्रँडचं नाव पुरत नाही, आतला घटक आणि टक्केवारी लिहा, बॅच, एक्स्पायरी, किती वापरलं, कुठं, कुणी मारलं, मुलांना परत आत कधी सोडलं, आणि लेबलचा फोटो. कंपनीच्या लायसन्सची झेरॉक्स पण लावा, कीटकनाशक नियम १९७१ प्रमाणे ते लागतंच. मी एवढं का सांगतोय ते बघा, एखाद्या पोरानं काही तोंडात घातलं तर डॉक्टर पहिलं विचारणार कुठलं औषध होतं. उंदीर मारायच्या ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के१ देतात, क्लोरपायरिफॉससारख्या कीटकनाशकावर ॲट्रोपिन, दोन्हीचा उपचार वेगळा. त्यात ब्रोमॅडिओलोनचा रक्तस्राव दोन-तीन दिवसांनी सुरू होऊ शकतो, तेव्हा तारीख कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून उंदराच्या वड्या कुठल्या डब्यात किती ठेवल्या, किती खाल्ल्या, उरलेल्या किती उचलल्या, हे मोजून लिहायचं.

आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, टाक्या, हौद, बॅरल भरलेले असतातच, त्यामुळं त्यांची पण यादी करा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तपासणी आठवड्याचीच पाहिजे, महिन्याची नाही. झाकण आहे का, अळी आहे का, रिकामं करून घासलं का. घासणं वेगळं लिहा, अंडी भिंतीला चिकटून कोरडी राहिली तरी कित्येक महिने जिवंत राहतात.

शेवटचा रकाना दुरुस्तीचा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो, तर कुठली फट, कुणाला सांगितलं, कधी बुजवली. हा रकाना महिनोन्महिने तसाच पडून दिसला की वरच्यांकडून पैसे मागायला तुमच्या हातात कागद असतो.

आणि कॉन्ट्रॅक्ट नवीन करताना त्यातच लिहून घ्या की माणसानं आधी वही वाचून सही करायची, मगच औषध काढायचं, आणि जिथं मोजणी शून्य आहे तिथं फवारायचं नाही.