धनगरांची कुत्री बॉर्डर कॉली या विलायती कुत्र्यांसारखी मेंढ्या हाकतात का?

नाही. मेंढ्या वळवायचं काम धनगर स्वतःच करतो, हाळी देऊन, काठी आपटून. कुत्र्याची खरी ड्यूटी रात्रीची. कुणाच्या शेतात मेंढ्या बसवल्या की भोवती वाघर, म्हणजे जाळी, लागते आणि कुत्री अंधारात बाहेर पडून राहतात. सासवड, सोलापूरकडच्या माळांवर लांडगा अजून आहे. त्याची चाहूल लागली की भुंकून धन्याला उठवायचं, वेळ पडली तर अंगावर जायचं. पगार? भाकरी. पट्टा नाही, साखळी नाही, तरी दिवाळीनंतर वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ, कोकणाकडे निघाला की सामान लादलेल्या घोड्यांमागून ती मुकाट चालतात. (शहरातल्या आमच्या लाडोबांना हे जमणं कठीण!) आणि हो, रात्री वाड्यावर जायचं असेल तर लांबूनच हाक द्या.